चुन्याची निवळी

गणपतीची सुट्टी संपून शाळा भरली, त्या पहिल्याच शनिवारी मुख्याध्यापक गुरुदास सरांनी लोबो टीचरना ऑफिसात बोलावलं. बसा म्हणाले, आणि स्वतः मात्र खिडकीतून खाडीकडे बघत राहिले. डोरथी लोबो त्या शाळेत गणित आणि जीवशास्त्र शिकवायची, शिकवता शिकवता केस पिकायला लागले होते. सरांची ही सवय तिला ठाऊक होती. अवघड बोलायचं असलं की ते आधी खाडीकडे बघून घेत.

"दहावीची प्रॅक्टिकलं सुरू करायला हवीत, टीचर," शेवटी ते म्हणाले. "रसायनाला नवीन माणूस काही मिळत नाही. आणि प्रयोगशाळेला तर... फेब्रुवारीपासून कुलूपच आहे. तुम्हाला जड जाणार असेल तर सांगा. दुसऱ्या शाळेतून कोणी आठवड्यातून एकदा येईल का, बघतो मी."

"नको, सर. मी घेईन."

"चावी शिवा शिपायाकडे आहे."

"माझ्याकडेही आहे," डोरथी म्हणाली.

ती पर्समध्येच होती. फेब्रुवारीत तिचा नवरा लिओन गेला, तेव्हा त्याच्या खिशातून निघालेल्या वस्तू हॉस्पिटलवाल्यांनी तिच्या हातात दिल्या, त्यात एक रुमाल होता, दम्याचा पंप होता आणि ही चावी होती. रुमाल तिने धुतला. पंप कपाटात ठेवला. चावीचं काय करायचं ते मात्र तिला सुचलं नव्हतं, म्हणून ती तिच्याबरोबर बाजारात, रविवारच्या प्रार्थनेला इगर्जीत, वर्गात, सगळीकडे फिरत होती.

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. मालवणच्या अलीकडे खाडीच्या काठाला ती शाळा, आणि प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर अगदी टोकाला. लिओन लोबो रसायनाचा मास्तर होऊन तिथे आला तेव्हा त्या खोलीत मोडके बाक ठेवलेले असत. मुलं रसायन शिकत ती फळ्यावर. हायड्रोजन खडूचा, ऑक्सिजन खडूचा, आणि दोन्ही मिळून झालेलं पाणीही खडूचंच. लिओनने मोडके बाक बाहेर काढले. कोणाची तरी जुनी होडी मोडत होती, तिच्या फळ्या आणून सुताराकडून लांब टेबलं करून घेतली. त्या फळ्यांवर मीठ इतकं मुरलेलं होतं की पावसाळ्यात त्यांना घाम फुटे. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी स्टँड गंजत, म्हणून दर शुक्रवारी तो त्यांना खोबरेल लावी. आणि घरात तिसऱ्यांचं सुकं झालं की शिंपले टाकायला द्यायचा नाही. धुऊन, वाळवून, चुलीत लालभडक भाजून त्यांचा चुना करायचा आणि बरणीत भरून शाळेत न्यायचा. "चुन्याच्या निवळीत फुंकलां की पाणी दुधासारखां होता," तो मुलांना सांगायचा. "तुमी काल खाल्ल्यात ते तिसरे आणि तुमचो आजचो श्वास. झालां रसायन!"

त्याला लहानपणापासून दमा. गंधक जाळायचा प्रयोग झाला की रात्रभर उशा लावून बसून राहायचा. डोरथी भांडायची. तो म्हणायचा, "पोरांनी एकदा तरी डोळ्यांनी बघूक होया गो."

लग्न झाल्यापासून ती त्या श्वासाच्या शेजारी झोपली होती. आत ओढताना अडखळणारा, सोडताना लांबत जाणारा, आणि अगदी शेवटी एक बारीक शीळ. पहिल्या वर्षी त्या शिळेने तिला झोप लागायची नाही. फेब्रुवारीपासून ती नाही म्हणून लागत नव्हती. एवढं गप्प घर तिने कधी ऐकलं नव्हतं.

दुपारी मुलं घरी गेली आणि ती जिना चढून वर गेली. कुलूप कुरकुरलं, पण उघडलं. बंद खोलीचा कुबट वास येईल अशी तिची कल्पना होती. तो आलाच, ओल्या लाकडाचा, स्पिरिटचा, जुन्या गंधकाचा. पण त्या सगळ्याच्या तळाशी दुसराच एक वास होता. निलगिरीच्या तेलाचा. लिओन रुमालावर दोन थेंब टाकून हुंगायचा, तो.

खुंटीवर त्याचा पांढरा एप्रन होता. तिने जवळ जाऊन त्यात नाक खुपसलं. एप्रनला नुसता बुरशीचा वास होता. मग निलगिरी कुठली?... तिने खिडक्या उघडल्या. खाडीवरून वारा आत आला आणि वास विरला.

शाळेचा शिपाई शिवा बादलीभर पाणी घेऊन आला, दारातच ठेवून गेला. तिने परीक्षानळ्या धुतल्या, दिव्यांच्या वाती बदलल्या. कपाटात चुन्याची बरणी होती, झाकण घट्ट लावलेलं. सोमवारी मुलांना पहिला प्रयोग निवळीचाच दाखवावा म्हणून तिने चिमूटभर चुना पाण्यात ढवळला, खाली बसू दिला, गाळून घेतला. पाणी काचेसारखं नितळ निघालं. लिओनच्या टेबलावर स्टँडला परीक्षानळी लावली, तिच्यात ती निवळी ओतली, दोन भोकांचं बूच बसवलं आणि त्यातल्या एका भोकातून वाकडी काचेची नळी आत सोडली. तिचं एक टोक पाण्यात, दुसरं बाहेर, फुंकायला. सगळं नीट बसलं का ते बघून ती मोरीवर हात धुवायला गेली.

हात पुसत परत आली, तर पाणी पांढरं झालं होतं.

डोरथी विज्ञान शिकवणारी बाई. तिने आधी नळीला दोष दिला. धुताना काहीतरी राहिलं असेल. दुसरी नळी घेतली, स्वतः घासून धुतली, नवी निवळी घातली आणि खाली जाऊन शिवाबरोबर चहा घेतला. वर आली तेव्हा तीही पांढरी झालेली होती. हवेवर राहिली की निवळी गढुळते हे तिला माहीत होतं. पण तशी गढुळते ती वरच्यावर, पातळ पापुद्रा धरून, आणि त्याला वेळ लागतो. हे तर तळापर्यंत दूध झालं होतं. मनापासून, छाती रिकामी होईपर्यंत कोणीतरी फुंकावं तसं.

सोमवारी तिने दोन नळ्या लावल्या. एक लिओनच्या टेबलावर, दुसरी खिडकीपाशी. दाराला कुलूप घातलं. शाळा सुटल्यावर उघडून बघितलं तर खिडकीतली नितळ, टेबलावरची पांढरी. दुसऱ्या दिवशी तिने नळ्यांची अदलाबदल केली. तरी पांढरी झाली ती टेबलावरचीच. मग मात्र डोरथीने स्टूल ओढलं आणि समोर बसून राहिली.

ओहोटीची वेळ होती. खाडीतला चिखल उघडा पडून त्याचा वास वर येत होता. दूर कुठेतरी होडीचं इंजिन चाललं होतं, ते वळणाआड गेलं आणि सगळं शांत झालं. उन्हाचा एक पट्टा टेबलावरून हळूहळू सरकत स्टँडपर्यंत आला. आणि त्या उजेडात काचेच्या नळीच्या टोकाशी, पाण्याच्या आत, एक बुडबुडा फुगला.

बुड्...

सुटला आणि वर गेला. मग दुसरा. मग थोडं थांबून, एकामागून एक, लांबत गेलेली बुडबुड्यांची माळ... आणि शेवटी काचेतून बारीक शीळ.

पुन्हा गप्प. आत ओढायला लागतो तेवढाच वेळ. मग पुन्हा बुड्... बुड्... आणि शीळ.

डोरथीच्या अंगावर काटा उभा राहिला. पण पाय उचलले नाहीत. इतकी वर्षं रात्र रात्र उशीवर ऐकलेला श्वास कोणाचा, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"लिओन?" ती अगदी हळू म्हणाली.

बुडबुडे थांबले. कोणीतरी कान देऊन ऐकत असावं तसे थांबले. आणि मग घाईने, धडपडत, एकदम सुटले. नळीतलं पाणी उसळून बुचाला लागलं.

दुसरी कोणी असती तर जिन्यावरून धावत खाली गेली असती. डोरथीने स्टूल आणखी पुढे ओढलं, टेबलाच्या कडेवर गाल टेकला आणि डोळे मिटले. नळीतलं पाणी पांढरं होत होतं. तिला तिथेच, बसल्या जागी, कितीतरी महिन्यांनी गाढ झोप लागली.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. मुलं पांगली की जिना चढायची, ताजी निवळी लावायची आणि बसायची. कधी वह्या तपासायची, कधी नुसतंच बोलायची, मुलीचं, माडांचं. "रॉविनाचो फोन इल्लो. दिवाळीक येतंय म्हणता." "मागल्या माडाक यंदा नारळ बरे लागलेत. उतरवूक माणूस गावणा नाय." बुडबुडे थांबत, ऐकत, पुन्हा सुरू होत. तिकडून शब्द कधी आला नाही. तिला नकोही होता. लिओन असतानाही संध्याकाळी ती दोघं अशीच बसत. ती बोलायची, तो श्वास घ्यायचा.

आणि एक गोष्ट तिच्या हळूहळू लक्षात आली. शीळ कमी होत होती. अडखळणं कमी होत होतं. गांधी जयंतीच्या सुमारास तर बुडबुडे इतके शांत, इतके सलग येऊ लागले, की ऐकताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. लिओनला असा मोकळा श्वास घेताना तिने जन्मात ऐकलं नव्हतं. देवाने त्याला तिकडे बरं केलं, असं तिला वाटलं. त्या रविवारी इगर्जीत तिने मेणबत्ती लावली.

मेणबत्ती लावून उठताना तिला घेरी आली आणि तिने बाकाचा आधार घेतला. वय झालं, ती स्वतःशी म्हणाली.

जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं. वर्गात मोठं वाक्य बोललं की शेवटचे शब्द गिळले जायचे. बाजारात कोळणींनी विचारलं, "टीचर, तोंड असां पिवळां कित्या पडलां?" तिने हसण्यावारी नेलं. त्या संध्याकाळी ती वरून खाली उतरत असताना शिवा जिन्याच्या तळाशी झाडू घेऊन उभा होता. झाडायला काही नव्हतं. तो तिची वाट बघत होता.

"टीचर, एक इचारू?"

"इचार."

"वर... सर येतत काय?"

डोरथीने कठडा धरला. "तुका कोणी सांगलां?"

"सांगूक कोण कशाक होयो. सर वर असले की तेंची शीळ ह्या पायरेपर्यंत येय, म्हायत आसा मा तुमका? ती माका परत आयकू इली. आता..." शिवाने आवाज आणखी खाली आणला. "आता शीळ नाय. नुसतो श्वास येता. गाढ झोपल्यासारखो."

"बरां आसा मगे. तेंका बरां वाटता आसतला."

"तां खरां, टीचर. पण शीळ..." तो अडखळला, झाडूच्या हिरांशी चाळा करत राहिला. "शीळ आता तुमच्या छातयेत वाजता."

ती तशीच घरी गेली. घराचं दार लावून घेतलं आणि अंधारात उभी राहून स्वतःचा श्वास ऐकला. आत अडखळत होता. बाहेर लांबत होता. शेवटी बारीक, अगदी बारीक...

तिने रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी दहावीचं प्रॅक्टिकल होतं. मुलं टेबलांभोवती दाटीने उभी होती. डोरथीने निवळी नितळ असल्याचं सगळ्यांना दाखवलं. "आता बघा हं. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायॉक्साइड असतो. मी फुंकते, काय होतं ते बघा." तिने नळी ओठांत धरली आणि फुंकलं. बुडबुडे आले. पाणी नितळच राहिलं.

तिने पुन्हा फुंकलं. कान बधिर होईपर्यंत फुंकलं. पलीकडे उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे त्या पाण्यातून स्वच्छ दिसत होते.

"चुना जुना असेल," ती म्हणाली.

"मी बघू, टीचर?" पुढे उभ्या असलेल्या वर्षालीने विचारलं. हुशार मुलगी, उत्साही. तिने दुसरी नळी लावली, त्याच बाटलीतली निवळी घेतली आणि एकदाच फुंकलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं आणि टाळ्या एक एक करून थांबल्या. सगळी टीचरांकडे बघत होती.

तास संपल्यावर डोरथी रिकाम्या प्रयोगशाळेत बसली, आणि हॉस्पिटलातली ती शेवटची दुपार तिला पूर्ण आठवली. इतके दिवस ती अर्धीच आठवत होती. लिओनच्या नाकाला नळी होती, ओठ निळे पडले होते, आणि मासळी जाळ्यात उसळते तशी त्याची छाती उसळत होती. तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं होतं. "माजो घे," ती म्हणाली होती. "माजो श्वास घे रे, लिओन, पण जाव नको."

म्हणजे मागितलं होतं तिनेच. आणि तो घेत होता. हे कळल्यावर तिला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तिला वाटलं ते वेगळंच. आपल्यापाशी अजून थोडा शिल्लक आहे, एवढंच तिला वाटलं. तो संपेपर्यंत तरी रोज संध्याकाळी येता येईल.

असंच चाललं असतं तर ती दिवाळी बघायला राहिली नसती. पण पुढच्या आठवड्यात वर्षाली पडली.

प्रॅक्टिकल चालू होतं. वर्षाली लिओनच्या टेबलापाशी उभी राहून लिटमसचा कागद बुडवत होती. एकदम तिच्या हातातलं चंचुपात्र खाली पडून फुटलं. डोरथीने वळून बघितलं. मुलीने दोन्ही हातांनी गळा धरला होता, तोंड उघडं होतं आणि आत काही जात नव्हतं. ओठ निळे. तिच्या मागे स्टँडला लावलेल्या नळीत, जिला कोणाचाही हात लागलेला नव्हता, बुडबुडे खदखदत होते.

"सोड!" डोरथी ओरडली. "सोड तिका!"

मुलांना वाटलं, टीचर गळ्यावरचे हात सोडायला सांगताहेत. शिवाने धावत येऊन वर्षालीला उचललं आणि बाहेर, खाडीकडच्या गॅलरीत नेलं. तिथे वारा लागला तशी ती हुंदका देऊन श्वास घेऊ लागली. थोड्या वेळाने पाणीही प्यायली. "कोणीतरी आतून ओढल्यासारखां वाटलां, टीचर," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

गुरुदास सरांनी तिच्या आईबापांना निरोप धाडला. मग वर्षालीकडे बघितलं, मग डोरथीकडे बघितलं, आणि ऑफिसातून म्हापशाला फोन लावला. डोरथीची मुलगी रॉविना तिथे एका डॉक्टरांकडे नर्स होती. संध्याकाळच्या गाडीने ती आली. आईला दारात बघून तिचा चेहराच उतरला.

"मम्मी, काय करून घेतलं आहेस हे? उद्याच्या उद्या माझ्याबरोबर चलायचं."

"तुज्या पप्पाक एकट्याक टाकून..."

"पप्पा गेले, मम्मी." रॉविनाने तिचे हात हातात घेतले. "आता तूपण जातंस काय? माका कोण मगे?"

डोरथीने आपले हात हळूच सोडवून घेतले. मग म्हणाली, "उद्या दुपारी जावया. सकाळी माका शाळेत एक काम आसा."

सकाळी प्रार्थनेचा आवाज खालून येत असताना ती वर होती. चुन्याची बरणी तिने मोरीत रिकामी केली आणि वरून पाणी सोडलं. थोडीशी निवळी उरली होती, तेवढी शेवटची नळीत भरली. तिला फार वेळ थांबावं लागलं नाही. बुडबुडे आले, शांत, मोकळे, निरोगी माणसाचे.

"आयक," ती म्हणाली. मध्ये मध्ये थांबून, दम घेत बोलत होती. "माजो दिलो तो मी माज्या मनान दिलो. तेचां माका काय नाय. पण पोरांचो घेवचो नाय, लिओन. तू तेंका शिकवलंस. तुका तां समजता."

बुडबुडे हळू झाले.

"मी आज जातंय. रॉविना इली हा न्हेवक. आता तू थांब. दमलंस रे... आता पुरे."

एक बुडबुडा आला. त्यानंतर खूप वेळाने आणखी एक. तो नळीच्या टोकाला तसाच लटकून राहिला, सुटेना. खाली मुलांची प्रार्थना संपली. मग तोही सुटला आणि पाणी स्थिर झालं.

ती शांतता तिला फेब्रुवारीपासून माहीत होती. दुसऱ्यांदा ती सोसवेना. काय करतो आहोत याचा विचार न करता डोरथी पुढे वाकली आणि निरोपाला म्हणून तिने त्या काचेच्या नळीच्या टोकाला ओठ लावले.

काच थंड असायला हवी होती. ती ऊन होती. आणि नळीतून, आत नव्हे, बाहेर, तिच्या तोंडात एक उबदार झुळूक आली. निलगिरीचा वास असलेली. तिने दचकून मान मागे घेतली, पण तोवर तिने ती गिळली होती.

ती खूप खोकली. मग सगळी काच धुऊन, पुसून कपाटात लावली, स्टँडना खोबरेलाचा हात फिरवला आणि आपल्याकडची चावी शिवाच्या हातात दिली.

पुढचं सगळं चांगलंच झालं. दिवाळीनंतर शाळेला रसायनाचा नवा मास्तर मिळाला. वर्षालीला पुन्हा कधी काही झालं नाही. त्याच टेबलापाशी तिने उरलेलं वर्षभर प्रयोग केले. वरच्या मजल्यावर काही ऐकू येतं का म्हणून शिवा कितीदा जिन्यात उभा राहिला. काही नाही.

म्हापशात रॉविनाकडे डोरथी जेवू लागली, झोपू लागली. गालांवर रंग आला. तिसऱ्या मजल्यावरचं घर, पण बाजारातून पिशव्या घेऊन न थांबता वर यायची. फक्त कधी कधी खिडकीत बसली की बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची, आणि रॉविनाने हाक मारली तरी थोडा वेळ ओ द्यायची नाही. शाळेत परत हजर होण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ, असं रॉविनाने ठरवलं.

डॉक्टर वयस्कर होते, हसतमुख. डोरथीची नाडी बघितली, डोळे बघितले. "तुमची मुलगी उगाच घाबरवते मला. ठणठणीत आहात की." तिला स्टुलावर पाठमोरं बसवून त्यांनी स्टेथोस्कोप पाठीला लावला. "मोठा श्वास घ्या... सोडा. घ्या... सोडा. छान. आता थोडा वेळ रोखून धरा."

डोरथीने श्वास रोखला.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप जरा खाली सरकवला. मग डावीकडे. "रोखून धरा, बाई," ते म्हणाले. "श्वास घेऊ नका."

ती हलली नाही.

"रोखा म्हटलं ना मी..."

"रोखलाय तिने, डॉक्टर," समोर उभी असलेली रॉविना म्हणाली. तिला आईचे घट्ट मिटलेले ओठ दिसत होते. छाती दगडासारखी स्थिर होती.

डॉक्टरांनी कानांतून नळ्या काढल्या, पुसल्या, पुन्हा घातल्या. पुन्हा पाठीला टेकवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या क्षणी गेलं ते रॉविनाला कळलं नाही. ते नुसते डोळे विस्फारून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होते, ऐकतच होते...

डोरथीला आता श्वास सोडा असं कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिने इतक्यात सोडला नसता. आपला थांबवला म्हणजे मगच त्याचा नीट ऐकू येतो, हे तिला म्हापशाला आल्यापासून ठाऊक झालं होतं.